ओबाडायाच्या आभाराच्या चिठ्ठ्या

आमची लेक मेरेडिथ चार दिवस बेशुद्ध होती, आणि इस्पितळात तिच्या खाटेजवळ एकालाच बसू देत होते. पाचव्या सकाळी बायकोनं, रोवेनानं, मला हाकललं.

"तुझ्या येरझारांनी नर्सा दमल्या. जा, तुझा तो ओबाडाया शोध."

ओबाडाया थ्रॅशर १६३८ साली मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरला. आमच्या गावात प्रत्येकाला आपला मूळपुरुष गव्हर्नर निघावासा वाटतो. माझ्या या मूळपुरुषाची एकच नोंद सापडली होती: प्रार्थनेत घोरला म्हणून दिवसभर लाकडी खोड्यात अडकवला.

चर्चच्या तळघरात जुने कागद सांभाळणाऱ्या डॉर्कसबाईंनी खोकं पुढे सरकवलं. "तो घोरणारा ना तुमचा? चिठ्ठ्या मात्र जागेपणी लिहायचा हो."

त्या काळी संकट टळलं की घरातल्यांच्या नावानिशी आभाराची चिठ्ठी पाद्र्याकडे द्यायची. रविवारी तो ती सगळ्यांपुढे वाचायचा.

पहिली चिठ्ठी: गाय सुखरूप व्याली. दुसरी: बायकोचा ताप उतरला. तिसरीत तीच तपकिरी शाई, तेच डावीकडे कललेलं अक्षर: माझ्या वंशातला ॲम्ब्रोज जळत्या जहाजातून वाचला.

ॲम्ब्रोज माझे वडील. जहाज जळलं १९४३ साली.

"घराण्यात तीच तीच नावं ठेवतात," डॉर्कसबाई म्हणाल्या. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिल्या.

शेवटची चिठ्ठी त्यांनी उलगडली, वाचली आणि माझ्यापुढे ठेवली.

'मेरेडिथ पाचव्या दिवशी शुद्धीवर आली. तिची आई विधवा रोवेना आणि भाऊ कॅलेब देवाचे आभार मानतात.'

फोन वाजला. रोवेना होती.

"अरे, डोळे उघडले तिनं! पाणी मागितलं! वर म्हणते, बाबा कुठे उलथलेत?"

मी तिथंच खाली बसलो. हसलो, रडलो. ओबाडायाचे मनापासून आभार मानले. त्यानं लिहिलेल्या सगळ्याबद्दल मानले.

"ओबाडायानं चिठ्ठी लिहून ठेवलीय," मी म्हणालो.

"तुझं काहीतरीच. वाच बघू."

मी वाचली. एक शब्द गाळला, आणि कॅलेबच्या पुढे माझं नाव घातलं.

नक्कल करताना एक अक्षर चुकलं तरी टोकणाऱ्या डॉर्कसबाई समोरच उभ्या होत्या.

त्यांनी टोकलं नाही.