खंडेनवमीचा दोरा

रोज एक फोन लावायचा, एवढंच काम. एमआयडीसीतली आमची पंख्याच्या मोटरींची कंपनी मशीनं उचलून, माणसं इथेच टाकून व्हिएतनामला गेली. तिथल्या मुलीला मोटरीची तार गुंडाळायला फोनवरून शिकवायचं, म्हणून मला महिनाभर ठेवलं होतं. आपल्या पोटावर पाय कसा द्यायचा, तेही आपणच शिकवायचं.

माझे बाबा भागोजी कंपनीतले सगळ्यात जुने वाइंडर, तार गुंडाळणारे. डोळे मिटून तार बसवायचे, तरी वेढ्यावर वेढा चढत नसे. दर खंडेनवमीला मशीनला लाल दोरा बांधायचे. मशीन हलवायचं झालं तर आधी नारळ द्यायचा, दोरा सोडायचा, ही आमची रीत. या वेळी बाबांनी दोरा सोडलाच नाही. उलट मशीन पेटीत भरताना गाऱ्हाणं घातलं, "म्हाराजा, माजा हात ह्याच्यावरनं सुटता नये."

मीही म्हटलं, "व्हय म्हाराजा." वाटलं, तिकडे कुणाला चालवता येणार नाही, मशीन परत येईल, नोकऱ्याही येतील.

तेव्हापासून बाबा दिवसभर पडवीत डोळे मिटून बसत. संध्याकाळी भानावर येत, दोन घास खात. दिवसेंदिवस वाळत चालले होते. बोटं मात्र मांडीवर सारखी हलत. हात धरला तर गार, आणि त्याला मोटरीच्या वार्निशचा वास.

एका दुपारी मी फोन लावला, तेव्हाही ते शेजारीच बसले होते. फोनवर ती मुलगी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आजोबा रोज येतात. छान शिकवतात."

"कोण आजोबा?"

तिने फोनचा कॅमेरा मशीनकडे फिरवला. मशीनसमोर कुणी नव्हतं. मशीन चालू होतं. तार बसत होती, वेढ्याशेजारी वेढा... आणि त्याच लयीत बाबांची बोटं हलत होती.

नोकरी गेली खड्ड्यात, मला माझे बाबा हवे होते.

"तो लाल दोरा... काप," मी म्हटलं.

तिने कापला. मशीन थांबलं. बाबांची बोटंही थांबली. मला हायसं वाटलं.

"बाबा, उठा. चहा टाकते."

"राही..." बाबांचाच आवाज, अगदी हळू. "दोरा कुनी तोडलान गो? त्याच्यावरनंच तर येत होतो मी घरी..."

बाबांचे ओठ मिटलेले होते. आवाज फोनमधून येत होता.

बाबांचा श्वास अजून चालू आहे. भरवलं तर गिळतात. मला मात्र कंपनीने महिना भरायच्या आतच कळवलं, तिकडे मशीन आता रात्रीही थांबत नाही, शिकवायला माणूस लागत नाही.