धुतलेली ओढणी

सुमेधा गवंडीच्या घरात फोडणी बंद होती. उदबत्ती बंद, गजरा बंद, खोबरेल बंद. तान्ही आभा घरी आल्यापासून सुमेधा उकडलेलं खात होती आणि बिनवासाच्या साबणाने अंग धूत होती. नवरा म्हणे, "इथे माणसं राहतात हे मांजरालासुद्धा कळत नसेल."

ती मधली आई होती. सरकारी शब्द 'तात्पुरती पालक'. लोक मधली आई म्हणत. आईवडील काही काळ सांभाळू शकत नाहीत अशी मुलं घरी आणायची, वाढवायची, परत द्यायची. पूर्वी यातलं परत देणं सगळ्यांत वाईट असे. मूल मधल्या आईला चिकटे आणि स्वतःच्या आईकडे जाताना आक्रोश करी.

मायगंधाने तो आक्रोश थांबवला.

*

मायगंध म्हणजे आईच्या अंगाचा वास, प्रयोगशाळेत पुन्हा घडवलेला. प्रत्येकाचा घाम वेगळा, कातडीवरचे सूक्ष्मजीव वेगळे, म्हणून वासही वेगळा. तान्ह्या मुलाला आई आधी नाकाने कळते, चेहरा मागाहून. आईने अंगावर घातलेलं कापड घ्यायचं, त्यातली गंधद्रव्यं वेगळी काढायची, त्यांचा लेप करायचा. मधल्या आईने तो रोज मानेला नि मनगटांना लावायचा, दुसरा वास घरात येऊ द्यायचा नाही. मूल तिच्या कुशीत वाढतं, जीव मात्र आईलाच लावतं.

"चेहरा बदलला तर मूल सावरतं," डॉ. इनामदार प्रशिक्षणात म्हणाल्या होत्या. "वास बदलला की हरवतं."

"मग बाई, मी कोण?" सुमेधाने विचारलं होतं.

"तुम्ही हात."

त्यांनी ते सरळपणे सांगितलं होतं. लागलं मात्र.

*

आभा नुकती पालथी पडायला लागली होती तेव्हा तिच्या आईला, अन्विताला, औषधांना दाद न देणारा क्षय झाला आणि ती विलगीकरणात गेली. अन्विता बरी होऊन, मुलं सोपवतात त्या केंद्रात तिला न्यायला आली तेव्हा आभा चालत होती.

"ये, सोन्या," अन्विताने हात पसरले.

आभा किंचाळली. सुमेधाच्या मानेत तोंड खुपसून तिने तिचा ब्लाउज मुठीत धरला.

"असं होत नाही," डॉ. इनामदार म्हणाल्या. "औषधांनी वास थोडा बदलतो, पण इतका..."

अन्विता पोरीला घ्यायला पुढे वाकली आणि तशीच थांबली. तिचं नाक सुमेधाच्या मानेशी होतं.

"हा माझा वास नाही," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "हा आईचा आहे. माझ्या आईचा."

अन्विता विलगीकरणात असतानाच तिची आई वारली होती. लेकीला शेवटचं तोंडही दिसलं नव्हतं.

*

सुमेधाला आठवलं. आभाला सोपवायला आजीच आली होती. स्वतः आजारी, धापा टाकत. अन्विताची ओढणी तिने आणली होती. धुतलेली, इस्त्री केलेली. तंत्रज्ञ वैतागला होता: "आजी, अंगावर घातलेली हवी. न धुतलेली."

"परक्याच्या घरी मळकं कसं द्यायचं, बाबा?"

"दुसरं आणा मग."

दुसरं कुठलं आणणार? लेक विलगीकरणात गेल्यावर तिने घरातला कपडान्‌कपडा धुऊन ठेवला होता. विलगीकरणातून तर चिंधीही बाहेर येत नसे. काही दिवसांनी म्हातारी परत आली. तीच ओढणी, आता चुरगळलेली. "घ्या, आईच्याच अंगावरची आहे," ती म्हणाली होती. कुणाच्या आईच्या, हे कुणी विचारलं नाही.

*

"दोनच वाटा आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या आत्ताच्या वासाचा नवा लेप करू, तो सुमेधाताई लावतील. पण आभा त्याला ओळखणार नाही, सगळं पहिल्यापासून. नाहीतर हाच लेप तुम्ही लावा. ती आत्ता येईल तुमच्याकडे."

"हाच लावते. मलाही आई मिळेल."

मग डॉक्टरांना सांगावंच लागलं. नाक नव्या वासाची बातमी देतं, कायमच्या वासाची देत नाही. आपल्या अंगाला असतो तो वास थोड्याच वेळात आपल्याला येईनासा होतो.

"डबी उघडून हुंगली तर?"

"तरी नाही. अंगावर आहे तोवर नाही. पोरीला येईल, तुम्हाला नाही."

अन्विताने सुमेधाकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला?"

"पहिल्या दिवशी आला होता थोडा," सुमेधा म्हणाली. "मग कधीच नाही."

"मग आधी जरा..." अन्विता सरळ सुमेधाच्या दुसऱ्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. एका बाजूला नात, एका बाजूला लेक. दोघी मेलेल्या बाईला बिलगल्या होत्या, आणि मध्ये सुमेधा होती. हात.

"चला, सुमेधाताई, लेप धुऊन या," डॉक्टर म्हणाल्या.

"थांबा ना," सुमेधाच म्हणाली.

*

सुमेधा न्हाणीतून आली तेव्हा लेप लावलेल्या अन्विताच्या खांद्यावर आभा निवांत होती. सुमेधाने तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीने मान वळवून पाहिलं, परक्या बाईकडे पाहतात तसं, आणि तोंड फिरवलं.

लेप आपलं काम चोख करत होता.

अन्विता आपलं मनगट हुंगत होती. पुन्हा. पुन्हा.

"गेला," ती म्हणाली. "ताई, तुम्हाला येतोय?"

सुमेधा वाकली. अंग धुतलं होतं. आता येत होता.

"येतोय."

"कसा आहे? सांगा ना."

"उन्हातून आणलेल्या गोधडीसारखा," सुमेधा म्हणाली. "थोडा आंबूस. ताकाच्या भांड्यासारखा. आणि मागून काहीतरी गोड... बाजरी दळून आणल्यावर पिठाला येतो तसा."

अन्विताने डोळे मिटले.

"अजून सांगा," ती म्हणाली.