फिक्का चहा

"सुनेनं मारलं ह्यांना," रत्नमालाबाई म्हणाल्या. आवाजात ना राग, ना रडं. नवऱ्याचं तेरावं उरकून त्या थेट गुप्तहेर जाहेदा काझीच्या ऑफिसात आल्या होत्या.

मधुमेही विश्वजीतराव सकाळी बिछान्यातच गार सापडले होते. रक्तातली साखर फार उतरली, असं डॉक्टर म्हणाले.

"मी चार दिवस पैठणला होते, भैनीकडं. फोनवर हे म्हणले, सुनेचा चहा फिक्का लागतो, तुझ्या हातची चव नाय. कायतरी मिसळलंच असंल. तवापासून मी तिला स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाय. उद्या पोलिसात जाणार."

जाहेदा त्यांच्या सिडकोतल्या घरी गेली. सोबत साहेबराव, निवृत्त हवालदार. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं, तसा त्यांना सगळीकडं घात दिसे.

सून संस्कृती स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी होती.

"पप्पांना रोज चार कप चहा लागायचा. प्रत्येकात बिनसाखरेच्या दोन गोळ्या टाकायचे. डबी आणली तेव्हा मम्मींनीच सांगितलेलं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी पप्पा जेवले नाहीत. रोजचा एक पेग तेवढा घेतला."

"दारूनं घात केला!" साहेबराव पुटपुटले.

"वीस वर्षं घेत होते. त्याच दिवशी कसा?" जाहेदानं औषधांची चिठ्ठी पाहिली. मधुमेहाची गोळी दोन महिन्यांपूर्वी दुप्पट झाली होती. बिनसाखरेच्या गोळ्यांची डबी तीनशेची, चार महिन्यांपूर्वी, दिवाळीत आणलेली. जवळपास भरलेली.

डॉक्टरांना फोन करून तिनं सगळ्यांना बसवलं.

"रोज चार कप, आठ गोळ्या. ही डबी सव्वा महिन्यात संपायला हवी होती. बाई, तुमच्या चहात काय असायचं?"

रत्नमालाबाईंनी डबी हातात घेतली.

"साखर. मोबाइलवर आलं होतं, त्या गोळ्या काळजाला वाईट म्हणून. पेग सुटंना, वरून हे कशाला? ह्यांना, सुनेला, कुणालाच बोलले नाय."

"त्या साखरेमुळं डॉक्टरांनी औषध दुप्पट केलं. तुम्ही पैठणला गेलात, साखर थांबली, औषध तेवढंच राहिलं. त्यात उपाशीपोटी दारू. तीही साखर उतरवते. संस्कृतीनं फक्त तुमचं ऐकलं."

"मग तक्रार कुणावर?" साहेबरावांनी विचारलं.

रत्नमालाबाईंना रडू आलं नाही. आतून सगळं बधिर झालं होतं.

"संस्कृती, चहा टाक, बाई."

संस्कृती आत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला.

"माझ्यात साखर नको," रत्नमालाबाई म्हणाल्या.