मधल्या टेबलाजवळची खुर्ची

त्या दिवशी आमचे हे एकटेच नाश्त्याला गेले, सुरुवात झाली ती एवढ्यावरूनच. मी खोलीत आडवी होते. पहाटेपासून समुद्र खवळला होता. एरवी आपण बोटीत आहोत याची आठवण करून द्यावी लागायची, इतकी ती मोठी बोट. पण आज कपाटाची दारं आपोआप उघडत होती, मिटत होती. बाथरूममध्ये पडलेला पेला गडगडत एका टोकाला जाई, थांबे, परत येई. माझ्या पोटाचंही तसंच चाललं होतं.

"तू पडून राहा," हे म्हणाले. "मला काही होत नाही."

यांना कधीच काही होत नाही. दाताचे डॉक्टर. जन्मभर लोकांचे दात उपटले, पण यांच्या तोंडातून शब्द काढायचा तर पकड मलाच लागायची. म्हणून तर निवृत्तीनंतर ही लांबची सफर मी ठरवली. चोहीकडे पाणी, पळतील कुठे, बोलतील की चार शब्द, असा माझा हिशोब. पण हे डेकवर बसून पाण्याकडे बघत राहायचे. मी काही बोलले की "हं."

नाश्ता करून आले ते मात्र गुणगुणत.

"बरा होता का नाश्ता?" मी पडल्यापडल्या विचारलं.

"छान. टेबलावर एक बाई होत्या, बाकी हॉल रिकामा. फार छान ऐकतात गं."

ऐकतात! छान दिसतात म्हणाले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. दुपारी जेवायला निघताना यांनी पुन्हा दाढी केली. हलत्या बोटीत, एका हाताने बेसिन धरून. हनुवटीवर कापलं, तरी चेहऱ्यावर हसू.

हे गेले आणि मी उठले.

लिफ्ट बंद ठेवली होती. कॉरिडॉरच्या कठड्यात जागोजागी कागदी पिशव्या खोचलेल्या, ज्याला ओकारी येईल त्याने घ्यावी म्हणून. बंद दारांमागे कोणी कोणी कण्हत होतं. खाली कुठेतरी लोखंड लोखंडावर घासत होतं, थांबत होतं, पुन्हा घासत होतं. जिन्याच्या कठड्याला मिठी मारत मी उतरले. अंगात गाऊन, वर शाल, केस पिंजारलेले. सवतीला भेटायला जायचा हा वेश नव्हे, हे मला कळत होतं.

हॉलमध्ये भरदुपारी दिवे लावले होते. खिडक्यांवर पाणी चढलं की सगळं हिरवं होई, उतरलं की करडं. ओल्या लोकरीसारखा वास येत होता. दाराजवळच म्हातारा वेटर एका टेबलक्लॉथवर पाणी शिंपडत होता; ओल्या कापडावरून ताटल्या सरकत नाहीत.

हे मधल्या टेबलाशी बसले होते. बोट मधे कमी हलते, म्हणून अशा दिवशी तिथेच बसवतात. यांच्या समोरच्या खुर्चीत कोणी नव्हतं. पण तिच्यापुढे ताटली होती, काटा, चमचा, पाण्याचा ग्लास. आणि हे त्या खुर्चीशी बोलत होते.

"कोणाशी बोलतायत ते?" मी वेटरला विचारलं.

त्याने तिकडे बघायचं टाळलं. "वादळ असलं की त्या खुर्चीपुढे ताट मांडतो आम्ही, मॅडम. मांडायचं आणि मोकळं ठेवायचं. तिथे कुणाला बसवायचं नाही."

"का?"

"मी बोटीवर आलो तेव्हापासून तसंच आहे. साहेबांना म्हटलं, शेजारच्या टेबलावर बसा. ते म्हणाले, बाई एकट्याच बसल्यात..."

बोट कलली. यांच्या ग्लासातलं पाणी तिरकं होऊन काठाशी आलं. समोरच्या ग्लासातलं पाणी काठाकडे सरकलंच नाही. टेबल कललं तसं तेही कललं, गोठल्यासारखं.

मी घाबरायला हवं होतं. पण तेवढ्यात यांचं बोलणं कानावर आलं.

"...आई गेली तेव्हा मला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. मी तिथे पोटभर जेवलो. खेळलोसुद्धा. मला कोणी सांगितलंच नाही हो..."

लग्न झाल्यापासून मी हेच विचारत आले होते. आई कशा गेल्या तुमच्या? "त्यात काय सांगायचं." दर वेळी हेच उत्तर. आणि इथे एका रिकाम्या खुर्चीपुढे सगळं मन मोकळं! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. असेल भुताची खुर्ची. नवरा माझा होता.

"मॅडम, नको..." वेटर पुटपुटला.

मी गेले आणि धपकन त्या खुर्चीत बसले.

गादी ओली होती, गार होती, मग तेही जाणवेना. सगळं थांबलं. खिडकीवर लाट चढताना दिसली, पण आवाज नाही. मळमळ नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या गाऊनचं, केसांचं, कशाचंच यांना नवल वाटलं नाही. इतक्या मायेने यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"कंटाळलात का?" हे म्हणाले.

कंटाळलात! मला! "अहो, मी आहे" हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मग हे पुन्हा गप्प झाले असते.

"सांगा ना," मी म्हणाले.

यांनी सगळं सांगितलं. आईच्या पदराचा वास, रिकामं अंथरूण, कोणाला न दाखवलेलं रडू. माझ्याबद्दलही सांगितलं. "आमची ही जीव लावते. पण तिला काही सांगायला गेलं की तीच रडायला लागते, आणि मलाच तिची समजूत काढावी लागते." मला झोंबलं. तरी मी मान डोलावत राहिले, त्या दुसऱ्या बाईसारखी. खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला संसारात कधी मिळालं नव्हतं.

"निघतो," शेवटी हे म्हणाले. "ही एकटीच आहे खोलीत."

हे दिसेनासे झाले तशी मी भानावर आले आणि मागे धावले. बोट अजून हेलकावत होती, वेटर खांब धरून उभा होता. मला मात्र कशालाच धरावं लागत नव्हतं.

खोलीचं दार आतून लावलेलं होतं. मी ठोठावलं. यांनी अर्धंच दार उघडलं.

"अहो, तुम्ही?" हे अवघडले. आवाज खाली आणून म्हणाले, "आत्ता नको... आमच्या हिचा आत्ताच डोळा लागलाय."

"अहो... मीच आहे..."

यांच्या खांद्यावरून पलंग दिसत होता. माझी चादर डोक्यावर ओढून कोणीतरी भिंतीकडे तोंड करून निजलं होतं. चादर हलली.

"कोण आहे हो?" आतून विचारलं. "कोण बाई आलीय?"

आवाज माझा होता. त्यातला जळफळाटही माझाच.

"कोणी नाही गं," म्हणत यांनी दार लावलं. कडी सरकली.

मी दाराला कान लावला. खुर्ची पलंगाजवळ ओढल्याचा आवाज आला. मग यांनी घसा खाकरला.

"अगं, आईचं तुला कधी सांगितलंच नाही मी..."

आतून हुंकारही आला नाही. ती नुसती ऐकत होती.