मयतावर हसलेली मुलगी

आप्तता केंद्राबाहेरचे झेरॉक्सवाले हळूहळू उठून गेले आणि त्यांच्या जागी कान साफ करणारे येऊन बसले. कुणीतरी आवई उठवून दिली होती, की कान स्वच्छ असले तर यंत्रात गुण चांगले पडतात. झालं! सकाळपासून आया आपापल्या पोरांना धरून रांगेत उभ्या. शेजारी लिंबूसरबताची गाडी आणि तिच्यावर फलक: ‘पंधरा दिवसांत खात्रीने रडा. मुलामुलींच्या स्वतंत्र बॅचेस.’ लोक तो फलक वाचायचे, नंबर मोबाइलमध्ये टिपून घ्यायचे आणि पुन्हा रांगेत जायचे.

यंत्राचं नाव आप्ततामापक. पूर्वी जमातीचा दाखला मागणाऱ्याला साहेबासमोर बसून उत्तरं द्यावी लागत: तुमचा देव कोणता, लग्नात खांब कशाचा, मयताला काय करता. पाठांतरवाले धडाधड पास व्हायचे आणि खरी माणसं साहेबाला बघूनच ततपप करायची. मग हे यंत्र आलं. मनगटाला पट्टा, कपाळाला आणि गालाला टिकलीएवढे संवेदक, कानात आवाज, समोर चित्रं. लहानपणी जे पाहिलं-ऐकलं त्याला अंग आपोआप ओळख देतं, ही त्यामागची कल्पना. जीभ खोटं बोलेल, गालाचा स्नायू बोलणार नाही, असं माहितीपत्रकावर छापलेलंच होतं. प्रत्येक जमातीचा ‘नमुना’ यंत्रात भरलेला असे. तो घेतला होता जुन्या मानवशास्त्रज्ञांच्या ग्रंथांतून आणि ध्वनिफितींमधून.

निकालावर सही करायला तज्ज्ञ लागतो. त्या खुर्चीत डॉ. शलाका मुळीक बसायच्या, विद्यापीठातल्या मानवशास्त्र विभागाच्या प्रमुख. विभागात विद्यार्थी मोजून चार. विभाग बंद करायचं घाटत होतं, तेवढ्यात हे केंद्राचं काम मिळालं म्हणून तो टिकला. बाई स्वभावाने मुळातच संशयी. ‘मानवशास्त्र म्हणजे शिस्तीत घेतलेला संशय,’ असं त्या पहिल्याच तासाला सांगत, आणि घरी दूधवाल्यावरही तो घेत.

त्या दिवशी खुर्चीत रोशनी वाघदरे बसली होती. कोंडवळ समाजाची, खैरकोंड गावची. वडील आश्रमशाळेत शिक्षक. पोरीला पशुवैद्यक महाविद्यालयात जागा मिळाली होती, पण ती दाखल्यावर अडली होती.

यंत्र चालवणारा हर्षल बोंडे एकेक चित्र दाखवत गेला. लग्नाचा खांब, बियाण्याची पूजा, पिठाने काढलेला चौक. पडद्यावरच्या रेषा ठीकठाक चालल्या होत्या. मग त्याने मयताचं गाणं लावलं. कोंडवळांचं ते सगळ्यात प्रसिद्ध गाणं. प्रा. विनायक पेंढरकरांनी साठ-सत्तर वर्षांमागे खैरकोंडातच ध्वनिमुद्रित केलेलं, लांबवत, कण्हत म्हटलेलं. ऐकून कोंडवळ माणसाच्या छातीत कालवतं, असं नमुना सांगत होता.

रोशनीच्या शोकाची रेषा जागची हलली नाही. हसण्याची मात्र टणकन वर गेली. पोरीने ओठ दाताखाली धरले, मान खाली घातली, नाक चिमटीत पकडलं, पण गालावरच्या टिकलीने चहाडी केलीच.

“मॅडम, ही मयतावर हसतेय!” हर्षल म्हणाला. पास व्हायला साठ गुण लागत. तिला पडले एकतीस.

“का हसलीस?” बाईंनी विचारलं.

“सांगता नाही येणार, मॅडम.”

“माहीत नाही, की सांगायचं नाही?”

रोशनी मनगटावरचा पट्टा सोडवायला लागली. बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा घाबरलेला होता, पण डोळ्यांत अजून हसू होतं. असल्या गप्प बसण्याची त्यांना चीड यायची. त्यांनी निकालावर ‘संशयास्पद’ असा शेरा मारला आणि सही केली. अपील महिनाअखेर.

संध्याकाळी बातमी वाहिनीवर होती. कुणी फोडली देव जाणे. बाईंचा संशय हर्षलवर, हर्षलचा बहुधा बाईंवर. ‘मयतावर हसणारी आदिवासी?’ असा मथळा. चर्चेला बाईंनाही बोलावलं होतं. एक पुढारी म्हणत होते सगळे दाखले बोगस, दुसरे म्हणत होते यंत्रच बोगस, आणि निवेदक दोघांच्या वर ओरडत होता. “मॅडम, एका शब्दात सांगा. अस्सल की बनावट?”

“असं एका शब्दात नसतं हो सांगता येत. आधी तिथे जाऊन—”

“म्हणजे तज्ज्ञांनाही संशय!” निवेदक म्हणाला, आणि खालच्या पट्टीवर तेच सरकायला लागलं. दुसऱ्या दिवशी रोशनीच्या वडलांना नोटीस गेली. घरातल्या एकाचा दाखला संशयात आला की सगळ्यांचे तपासायचे, असा नियमच होता. पोरीची जागा राहिली बाजूला, आता बापाची नोकरीही लटकली.

त्याच आठवड्यात बाई वर्गात पेंढरकरांचा त्याच गाण्यावरचा अध्याय शिकवत होत्या. वर्षानुवर्षं शिकवलेला. ‘गीत सुरू होताच स्त्रियांनी पदरात तोंड लपवले. त्यांचे खांदे हुंदक्यांनी गदगदत होते.’ वाचता वाचता बाई थांबल्या. गाणं कोणी म्हटलं ते दिलं होतं, कुठे म्हटलं ते दिलं होतं. मयत कोणाचं होतं? ते नव्हतं. पुढे-मागे चाळलं, तरी नव्हतं. गावात कुणी गेलं असतं तर पेंढरकरांसारख्या बारकाईच्या माणसाने अंत्यविधीवर पानंच्या पानं लिहिली असती. चारही विद्यार्थी बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी तास सोडून दिला.

रविवारी त्या खैरकोंडला गेल्या. गावात शिरतानाच रडण्याचा गलका ऐकू आला. पाच-पंचवीस गळे एकदम. बाई धावतच समाजमंदिरापाशी पोचल्या. आत मुलं ओळीने बसली होती, मनगटांना स्वस्तातले पट्टे बांधून. समोर शहरातून आलेला शिकवणीवाला. “हां, दुसऱ्या कडव्याला श्वास अडकला पाहिजे! घरातलं गेलेलं माणूस आठवा. तुझा पट्टा हिरवाच आहे रे, तू काय लग्नाला आलायस काय?”

बाहेर ओट्यावर एक म्हातारी वालाच्या शेंगा सोलत होती. रोशनीची आत्या, बुधीबाय. तिने बाईंना ओळखलं, टीव्हीवर पाहिलं होतं ना! बसायला गोणपाट टाकलं, पाणी दिलं, आणि सगळ्यांना करते तसंच बाईंनाही अरेतुरे करत म्हणाली, “आमच्या पोरीला बाटवलीस ती तूच ना गं?”

“मी नाही, यंत्राने.”

“सही यंत्राची व्हती का?”

बाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी सरळच विचारलं, “आत्या, पेंढरकर साहेब आले तेव्हा गावात मयत कोणाचं झालं होतं?”

बुधीबायचे हात थांबले. मग ती अशी हसायला लागली, की तिच्या मांडीवरचं सूप उलटलं.

“कुणाचंबी नाय! मी तवा एवढीशी व्हते. सायेब हट्टालाच पेटला. मयताचं गाणं म्हणा, मयताचं गाणं म्हणा. अगं, मयत नसताना ते गाणं तोंडात आणलं तं मयताला आवतण धाडल्यावाणी हाय. कोण म्हणंल? पण पावन्याला तोंडावर नाय म्हणायची आमच्यात रीत नाय. मंग आमच्या आयांनी काय केलं, खादाड व्याह्याचं गाणं घेतलं. लग्नात व्याह्याला चिडवायचं. पाच घरच्या भाकरी खाल्ल्या तरी व्याही उपाशी, असं. आन् ते म्हटलं रडका गळा काढून. सायेबाच्या डोळ्यांला पाणी! बाया पदरात तोंड घालून हसून हसून मेल्या.”

“आणि अर्थ? साहेबांना अर्थ कोणी सांगितला?”

“दुभाषी आमचाच व्हता की. सांगितलं त्यानं कायतरी, जीव पाच घरं हिंडून गेला म्हणून.”

बाईंना तो अर्थ पाठ होता. त्याच्यावर त्यांचा स्वतःचा एक निबंध होता, परदेशी नियतकालिकात छापलेला, आणि त्याच्याच जोरावर त्या प्राध्यापक झाल्या होत्या. त्यांचे कान तापले. गावातलं प्रत्येक पोर ही गोष्ट ऐकतच मोठं झालेलं होतं. ते गाणं ऐकून रोशनीला हसू येणारच. खैरकोंडात वाढलेल्या कुणालाही आलंच असतं. मग बाईंचा स्वभाव उसळून वर आला. ही म्हातारी तरी खरं सांगतेय कशावरून?

“मग खरं गाणं कोणतं, आत्या?”

“थांब की. कुणीतरी मरंस्तवर थांब.” बुधीबायने सूप सरळ केलं. “आन् मी सांगते ते खरं का खोटं, ह्याचा इचार करत्येस ना? कर. तूबी पावनीच हायस.”

आतून पुन्हा रडण्याचा आवाज आला. म्हातारी थोडा वेळ ऐकत राहिली. आता तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

“थंडीत माझा भाऊ गेला, रोशनीचा काका. रोशनी तवा होस्टेलला व्हती. भावकीतल्या पोरी धावत आल्या, गळ्यात गळे घातले आन् व्याह्याचं गाणं म्हणायला लागल्या. शिकवणीतलं. मला वाटलं एकीला तरी हसू येईल. कुणी हसलं नाय. खरं रडत व्हत्या गं. डोळे सुजले पोरींचे. मंग मी माझं गाणं गिळलं आन् गप्प बसले. रडत्या पोरीचं तोंड कसं दाबू?”

बाई खाली वाकून सांडलेल्या शेंगा वेचायला लागल्या. म्हाताऱ्या बाईसाठी त्यांचा जीव तुटला, आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

सोमवारी त्यांनी हर्षलला सगळं सांगितलं. त्याने टेबलावर हात आपटला. “मॅडम, हे तर भारीच! म्हणजे हसणं हीच अस्सल खूण. नमुना उलटा करतो. हसेल तो पास, रडेल तो बोगस.”

“आणि पुढच्या आठवड्यात गाडीवर फलक लागेल, खात्रीने हसा.”

“लागू दे. तोवर रडून पास झालेले सगळे परत बोलवावे लागतील, एवढंच.”

“त्यांत खैरकोंडची पोरंही आहेत. अस्सल. शिकवणी लावून रडायला शिकलेली.”

“त्याला मी काय करू? यंत्राला अस्सल आणि शिकवलेलं कसं कळणार? नाहीतर खरं गाणं ध्वनिमुद्रित करून आणा. तिथे कुणी गेलं की लगेच माणूस पाठवू आपण.” तो अगदी सहज बोलला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, “तुम्ही फक्त लेखी द्या.”

लेखी दिलं तर रोशनी सुटत होती आणि गावातली बाकीची पोरं अडकत होती. शिवाय कुणाच्या तरी मरणाची वाट बघत गावावर माणूस बसवला जाणार होता. नाही दिलं, तर पोरीची जागा आणि बापाची नोकरी जात होती. बाईंनी रोशनीला विभागात बोलावून घेतलं आणि काहीही न लपवता तिच्यापुढे मांडलं.

“लिहू नका, मॅडम,” रोशनी लगेच म्हणाली. “ते गाणं कुणी मशीनसाठी म्हटलेलं आत्याला चालणार नाही. आणि माझ्या चुलत बहिणी रडूनच पास झाल्यात.”

“मग तुझं काय?”

“मी शिकवणी लावलीय.”

“नुसतं दाबून ठेवलंस तर भागणार नाही. शोक दिसायला हवा.”

“माहितीये. सर सांगतात ना, गेलेलं माणूस आठवायचं.”

अपिलाच्या दिवशी खोलीत बरेच लोक होते. वडील मागे भिंतीला टेकून उभे, हातातली पिशवी घट्ट धरून. हर्षलने पट्टा बांधला, टिकल्या लावल्या. बाईंनी अहवाल लिहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर रोशनीला हसू फुटणारच असं त्यांना वाटत होतं, आणि थोडी तशी आशाही होती.

गाणं सुरू झालं. रोशनी समोर बघत राहिली. पहिल्या कडव्याला काही नाही. दुसऱ्या कडव्याला तिचा श्वास अडकला, हनुवटी थरथरली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. शोकाची रेषा चढत गेली. हसण्याची रेषा तळाशी सपाट पडून होती. अठ्ठ्याऐंशी गुण. मागे वडलांनी तोंडावर रुमाल धरला. बाईंनी ‘आप्तता सिद्ध’ असं लिहून सही केली. खालच्या रस्त्यावर वाहिनीची गाडी उभी होती. निकाल कळल्यावर ती निघून गेली.

व्हरांड्यात बाईंनी रोशनीला गाठलं. वडील दाखल्याची प्रत घ्यायला खिडकीशी गेले होते. पोरीच्या कपाळावर टिकलीचा लाल ठसा उमटला होता.

“छान केलंस,” बाई म्हणाल्या. मग त्यांना राहवेना. “खरं सांग. ढोंग होतं ना?”

“नाही मॅडम.” रोशनीने नाक पुसलं. “मी काकालाच आठवलं. त्याच्या मातीला मला पोचता आलं नव्हतं.”

“मग बरंच झालं. एकदा मोकळी तरी झालीस.”

रोशनीने मान हलवली, पण तिचा चेहरा मोकळा दिसत नव्हता. तिने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“मी घाबरले होते, हसू दाबता आलं नाही तर काय करायचं म्हणून. पण दाबावंच लागलं नाही. व्याह्याच्या भाकरी आल्या, पाच घरं आली, आणि मला हसू आलंच नाही. लहानपणापासून एकदाही असं झालं नव्हतं.” तिने बाईंच्या हाताला धरलं. “मॅडम, तुम्ही इतकी पुस्तकं वाचलीत. ते परत येतं का हो?”