आठ अकराची चिठ्ठी

ग्रहणाची वेळ मला विचारू नका. वर्तमानपत्रात बघा, फोनवर बघा. पस्तीस वर्षं कॉलेजात खगोलशास्त्र शिकवलेला तुमचा आजोबा असं म्हणतो म्हणून हसू येतंय, तर हसा. गच्चीवर जायला अजून अवकाश आहे. तोवर इथे बसा, आमच्या शेजारच्या सुताराची गोष्ट सांगतो. अर्धी माझ्या डोळ्यांसमोरची, अर्धी त्याच्या बायकोने सांगितलेली. आठवणीत चूकही होत असेल. हल्ली माझा माझ्यावरच फारसा भरवसा नाही.

सुताराला सगळे रंधा म्हणायचे, कारण बोलणं गुळगुळीत. एका गुरुवारी तो माझ्या खिडकीची कडी बसवायला आला. काम झाल्यावर हत्यारं पुसत म्हणाला, "सर, बायकोचा एक निरोप आहे. त्यांच्या मास्तरांना ग्रहणाची वेळ लिहून हवीय. सावलीचा पहिला स्पर्श कधी, तेवढंच."

रंध्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत जायच्या. तिथला पाळक पूर्वी शाळेत गणित शिकवायचा, म्हणून मास्तर. दोन वर्षांत ओळीने चार खग्रास चंद्रग्रहणं आली होती, आणि मास्तरांनी मांडणी केली होती की चौथ्या वेळी चंद्र रक्ताचा होईल आणि जगाचा न्याय सुरू होईल. सावली चंद्राला शिवली की मंडळीच्या हॉलचं दार आतून बंद करायचं. आत असतील ते वाचले. त्यानंतर बाहेरून कोणीही हाक मारली, अगदी नवऱ्याच्या आवाजात मारली, तरी तो नवरा नव्हे. सैतान.

"तू जाणार?" मी विचारलं.

"जाणार. माझा काडीचा विश्वास नाही, पण ती आठ दिवस धड जेवलेली नाही. म्हणते, तू बाहेर राहिलास तर मी एकटी वाचून काय करू?" तो हसला. "आणि दार मीच केलंय हो त्यांचं. दोन इंची फळ्या, आतून लोखंडी अडसर. सैतानाला आत शिरायचं तर आधी मलाच विचारावं लागेल."

मी त्याच्या मापाच्या वहीतला कागद घेतला. ग्रहणात आधी विरळ सावली लागते. ती डोळ्यांना कळतही नाही. दाट सावली त्यानंतर जवळजवळ तासाने. मास्तरांनी पहिला स्पर्श विचारला होता, म्हणून मी तक्त्यातला पहिला आकडा उतरवला. आठ अकरा. रंध्याने घडी न उलगडता चिठ्ठी खिशात टाकली, चष्मा घरी होता. दारातून वळून म्हणाला, "पण सर, चंद्र काळा पडायला केव्हा लागेल?"

"नऊ सातला," मी म्हणालो.

दोन्ही उत्तरं अचूक होती. ती दोन वेगळ्या प्रश्नांची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. परीक्षेत एखाद्या मुलाने हे केलं असतं, तर मी त्याचे गुण कापले असते.

रविवारची रात्र. आकाश स्वच्छ होतं. आठ वाजता हॉलमध्ये चाळीस माणसं होती. मास्तरांनी चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याने ठोकली. आठ अकराला अडसर पडला. वहिनी म्हणाल्या, माझा माणूस यायचाय. मास्तर म्हणाले, वेळ सगळ्यांना सारखीच दिली होती.

आठ पस्तीसला थाप पडली.

"अगं, मी. उघड." तो हसतच होता. "दार मी केलंय आणि मलाच ओळखत नाही का ते?"

वहिनी उठल्या. मास्तरांनी नुसता हात वर केला. वहिनी खाली बसल्या.

"चंद्र बघ ना बाहेर येऊन. अख्खा पांढरा आहे."

 मग लाथ बसली. मग तो म्हणाला, "ठीक. कुऱ्हाड घेऊन येतो."

स्कूटर निघून गेल्याचा आवाज वहिनींनी ऐकला. घरून हत्यारांची पिशवी घेऊन तो परत निघाला, तेव्हा गिरणीच्या कोपऱ्यावर ट्रकने त्याला चिरडलं. नऊ वाजून पाच मिनिटं. छाती उरली नव्हती. हवालदाराने पिशवी चौकीत नेली, दोरीने बांधली, गाठीवर लाखेची मोहोर मारली. नोंद नऊ चाळीसची आहे. मी स्वतः वाचली आहे. तीनदा वाचली.

दहा अकराला चंद्र पूर्ण लाल झाला.

आणि हॉलच्या दारावर कुऱ्हाड पडली.

पहिला घाव. छतातून धूळ गळली. दुसरा. तिसऱ्या घावाला फळी चिरली. बायका किंचाळल्या, मुलं बाकांखाली शिरली. मास्तरांनी दोन्ही हात अडसरावर दाबून धरले. पातं फळीतून आत आलं. मास्तरांची तीन बोटं जमिनीवर पडली. त्यांनी दार सोडलं नाही.

बाहेरून आवाज आला. हळू. दमलेला.

"मी वेळेवर आलो होतो..."

घाव.

"मी वेळेवर आलो होतो..."

वहिनी धावल्या. सहा जणांनी त्यांना खाली पाडलं. कोणी पाठीवर गुडघा रोवला. कोणी तोंडात शाल कोंबली. खांद्याचं हाड मोडलं, तो आवाज चाळीस जणांनी ऐकला. वहिनींनी कोणाचा तरी अंगठा चावून फोडला. तोंडभर रक्त. तरी सरपटत निघाल्या. दाराकडे. एकेक वीत...

घाव.

घाव.

अकरा तेवीसला चंद्राची कड उजळली.

...

थांबलं.

साडेअकराला मी पोचलो, हवालदाराबरोबर. तो नातेवाईक शोधत आमच्या इमारतीत आला होता. प्रेताची ओळख मीच पटवली, शर्टावरून. हॉलचं दार बिजागऱ्यांवर लोंबत होतं. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. वहिनींनी रक्ताळल्या तोंडाने मला विचारलं, "भाऊजी, गेला का तो?"



दुसऱ्या दिवशी चौकीत त्यांची सही घ्यायची होती. हात गळ्यात बांधलेला, म्हणून पिशवी मी उचलली. मोहोर शाबूत होती. हवालदाराने आमच्यासमोर फोडली. रंधा, करवत, कुऱ्हाड. कुऱ्हाडीचं पातं कोरडं, तेल लावून पुसलेलं. मला हायसं वाटलं. मी मनाशी म्हणालो, कोणीतरी दुसरा असणार. दारुडा असेल. माणूसच असणार.

मग हवालदाराने पिशवी उलटी केली.

घडी घातलेला एक कागद पडला. मधोमध खिळ्याचं भोक. अक्षर माझं. माझी चूक मी तोवर कोणाजवळ बोललो नव्हतो. वहिनींजवळही नाही.

आठ अकरावर सुताराच्या जाड लाल पेन्सिलीने काट मारली होती. खाली तिरक्या, घाईच्या हाताने लिहिलं होतं...

नऊ सात.