डब्यात न मावलेलं तेल

घाण्यावर त्या सकाळी एक वजनकाटा होता, तेल निवळत ठेवलेली चार पिंपं होती, पेंडीची सहा पोती आणि माणसं तीन. काट्यापाशी घाणा चालवणारा आदिनाथ, बाकड्यावर त्याची मावशी कडूबाई, आणि पाच लिटरचा डबा घेऊन उभी असलेली मी.

आमची करडी गाळून झाली होती. "पाच किलो तेल निघालंय, घेऊन ये," म्हणत आईनं मला पाठवलं होतं. पाच किलोला पाच लिटरचा डबा – आमच्या सेलूत सगळे असंच धरतात. बी.एस्सी. झालेल्या मीही डबा उचलताना विचार केला नाही.

डबा गळ्यापर्यंत भरला. आदिनाथनं काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"डबा संपला, मॅडम. तेल न्हाई संपलं. चारशे ग्रॅम ऱ्हायलंय."

माझे कान तापले. "तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. लिटरभर करडीचं तेल म्हणजे नऊशे वीस ग्रॅम. पाच किलोला जवळजवळ साडेपाच लिटर जागा लागते."

"हे घरून निघताना ठाऊक नव्हतं?"

त्याच्या पापण्यांवर पेंडीची बारीक धूळ होती. तो हसला तशी ती हलली. मी डब्याचं झाकण लावलं.

"उरलेलं राहू द्या इथंच. बाटली घेऊन येते."

दुसऱ्या दिवशी गेले – बाटली न घेता. तेव्हा खरंच विसरले होते. त्याच्या पुढच्या वेळी मात्र नाही.

"आगं, आज बी बाटली इसरली?" कडूबाई म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर हाय ना, पोरी?"

"लय शिकलेल्या हायत त्या, मावशी. शिकलेल्यांचं असंच ऱ्हातंय."

"तू गप बस. तू कुठं देऊ लागलास तिला बाटली? ढिगानं पडल्यात तिथं!"

आदिनाथ एकदम पोती मोजायला लागला.

एकदा त्यानं विचारलं, शेंगदाण्याचं तेल जड का करडीचं? करडीचं, किंचित, मी म्हटलं. त्याचा विश्वास बसेना. मग आम्ही दोन्ही तेलं लिटर-लिटर मोजून काट्यावर ठेवली आणि आकडा बघायला वाकलो. तेलांत फरक सहा ग्रॅमचा होता. आमच्या कपाळांत वीतभर अंतर होतं. दोघांपैकी कुणीच आधी सरळ झालं नाही.

आणि मग हैदराबादच्या प्रयोगशाळेतली नोकरी आली.

त्या दिवशी मी बाटली नेली. ती बघून त्याचा चेहरा उतरला.

"आज आणलीच की."

"परवा हैदराबादला चाललेय. नोकरी लागली."

त्यानं घाणा बंद केला. कितीतरी वेळ हात पुसत राहिला. त्यानं थांब म्हणावं असं मला वाटत नव्हतं. थांबले नसतेच. पण काहीतरी म्हणावं... गाडीत बसल्यावर धरून ठेवता येईल, असं एक वाक्य तरी.

त्यानं आमचं उरलेलं तेल बाटलीत ओतून दिलं. मग फळीवरून दुसरी, रिकामी बाटली काढली.

"तिकडं एकटीला म्हैन्याला किती तेल लागंल?"

"पाऊण लिटर."

"काट्यावर किती?"

"सहाशे नव्वद ग्रॅम."

त्यानं धार बारीक करत तेवढंच भरलं. एक ग्रॅम जास्त नाही.

"एवढंसंच? सहा महिन्यांचं तरी द्या!"

"न्हाई."

"मग संपल्यावर मी काय करू?"

त्यानं बूच घट्ट लावलं. बाटली माझ्या हातात दिली, पण सोडली नाही.

"संपलं की सांग, भक्ती," तो खाली बघत म्हणाला. "मी घेऊन येतो."

कडूबाईंनी तोंड फिरवलं. पदर मात्र हसत होता.

हैदराबादच्या हॉस्टेलमधल्या खोलीत बूच काढलं की सेलूची दुपार आत यायची. मी बूच उगाचच काढायचे. रेल्वेगाडीचे आवाज ऐकायचे. त्याला फोनवर हवापाणी विचारायचे, आणि जे विचारायचं ते राहून जायचं.

पहिल्याच रविवारी मी हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याला पुऱ्या तळून घातल्या. मग बाटलीत राहिलेलं तेल मोजलं आणि त्याला कळवलं.

चाळीस मिली. काट्यावर सदतीस ग्रॅम.